पाटी कोणी लावली? शाळेच्या वर्गासाठी पुण्याच्या पेठांतील इतिहासफेरी

सातवी-आठवीचा वर्ग घेऊन गावातल्या जुन्या वास्तू आणि तिथले स्मृतिफलक पाहायला निघायचे, हे बोलायला सोपे आहे. प्रत्यक्षात अशा बहुतेक फेऱ्यांची सहल होते. मुले रांगेत चालतात, शिक्षक पुढून बोलतात, मागच्या पंधरा जणांना काही ऐकू येत नाही आणि परतल्यावर निबंधात ‘आम्हाला खूप मजा आली’ या वाक्यापलीकडे फारसे काही उमटत नाही. मी पुण्यात इतिहास शिकवतो. पहिल्या वर्षी मी दोन तासांत चौदा ठिकाणे बसवली होती. आठव्या ठिकाणी एका मुलाने विचारले, “सर, अजून किती पाट्या राहिल्यात?” त्याचे काही चुकले नव्हते, चूक आखणीत होती. पुढच्या वर्षी ठिकाणे पाचावर आणली, प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटे थांबायचे ठरवले आणि फेरीचा मुख्य प्रश्नच बदलला. ‘इथे काय घडले?’ हे पुस्तकात असते. ‘ही पाटी कोणी, कधी आणि कशासाठी लावली?’ हे तिथे उभे राहूनच विचारावे लागते. पुढे दिलेली पद्धत त्या प्रश्नाभोवती बसवलेली आहे.

मार्ग ठरवताना

पुण्यात पहिल्यांदाच फेरी काढणाऱ्या शिक्षकांना मी शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, लाल महाल, भिडे वाड्याची जागा, महात्मा फुले मंडई आणि विश्रामबाग वाडा असा मार्ग सुचवतो. सगळे मिळून अंतर दोन किलोमीटरच्या आसपास भरते, त्यामुळे मुले दमत नाहीत आणि रिक्षा-बसची भानगड राहत नाही. केसरीवाडा किंवा महात्मा फुले पेठेतील फुलेवाडा याच फेरीत कोंबण्याचा मोह होतो, पण फुलेवाड्यासाठी स्वतंत्र सकाळ ठेवावी. ज्या घरात जोतीराव आणि सावित्रीबाई राहिल्या आणि जिथला पाण्याचा हौद १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला झाला, तिथे पाचव्या ठिकाणचा थकलेला वर्ग नेण्यात अर्थ नाही.

मार्ग कागदावर ठरला की फेरीच्याच वारी आणि फेरीच्याच वेळी एकट्याने तो चालून पाहावा. चालताना घड्याळ लावावे आणि लागलेल्या वेळेची दुप्पट धरावी, कारण चाळीस मुलांना शिवाजी रस्ता ओलांडायला एका माणसाइतका वेळ लागत नाही, चारपट लागतो. प्रत्येक ठिकाणी चाळीस मुले अर्धवर्तुळात उभी राहू शकतील एवढी जागा कुठे आहे, ऊन कुठून येते आणि जवळचे स्वच्छतागृह खरोखर उघडे असते का, हे लिहून ठेवावे. फलक सुंदर असेल पण समोर उभे राहायला जागा नसेल, तर तो फलक वगळावा. त्याबद्दल हळहळू नये.

सकाळी साडेसात-आठला निघावे, म्हणजे लक्ष्मी रस्त्याची दुकाने उघडून गर्दी वाढायच्या आत फेरी संपत येते. डिसेंबर-जानेवारी हा काळ उत्तम. गणेशोत्सवाच्या आगेमागे मात्र जाऊ नये. मांडव आणि कमानी अनेक फलकांवरच उभ्या राहतात आणि स्पीकरपुढे कोणाही शिक्षकाचे काही चालत नाही. शनिवारवाड्याच्या आत जायचे असल्यास, तो केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील संरक्षित वास्तू असल्याने मोठ्यांना तिकीट लागते आणि पंधरा वर्षांखालील मुलांना लागत नाही. तरी वयाच्या नोंदीसाठी शाळेचे पत्र आणि मुलांची ओळखपत्रे सोबत असू द्यावीत.

माणसे आणि कागद

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, प्रत्येक पालकाचे संमतिपत्र, मुलांच्या औषधांची आणि पालकांच्या दूरध्वनी क्रमांकांची यादी, प्रथमोपचाराची पेटी. आठ मुलांमागे एक मोठे माणूस असावे आणि सर्वांत शेवटी चालणारी व्यक्ती ठरलेली असावी. तिने काहीही झाले तरी पुढे जायचे नाही. एखाद्या खासगी वाड्याच्या भिंतीवरचा फलक पाहायचा असेल, तर तिथल्या रहिवाशांना आधी भेटून विचारावे. त्यांच्यासाठी ते घर आहे, आणि सकाळी आठ वाजता दारात चाळीस मुले दिसली तर कोणीही वैतागेल.

आधीचे दोन तास वर्गात

फेरीचे यश या दोन तासांवर ठरते, असा माझा अनुभव आहे. पहिल्या तासाला मुलांना फलकांचे प्रकार ओळखायला शिकवावे. इमारत बांधताना बसवलेली कोनशिला बांधणाऱ्याविषयी सांगते, शिलालेख बहुधा दानाविषयी किंवा आज्ञेविषयी बोलतो, आणि स्मृतिफलक घटनेनंतर पुष्कळ काळाने, आठवण ठेवावी असे कोणाला तरी वाटल्यामुळे लावलेला असतो. पुणे महापालिकेने नामवंतांच्या घरांवर लावलेले निळे फलक या शेवटच्या प्रकारातले. घरावर फलक लावण्याची ही कल्पना लंडनमध्ये १८६३ साली पुढे आली, एवढे सांगून पुढे जावे.

दुसऱ्या तासाला तारखा. जुन्या लेखांत शके असते, त्यात ७८ मिळवले की इसवी सन येते. तिथी जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली असेल तर मात्र ७९ मिळवावे लागतात. शनिवारवाड्याच्या पायाभरणीची तिथी माघ शुद्ध तृतीया, शके १६५१ अशी आहे. मुले पटकन १७२९ म्हणतात. माघ महिना कधी येतो ते विचारले की कोणीतरी १७३० वर येतो. पुस्तकात तारीख १० जानेवारी १७३० अशी दिलेली असते.

इथे थोडे थांबून एक गंमत करावी. शनिवारी पाया घातला म्हणून वाड्याला ते नाव पडले, असे सगळ्यांनी ऐकलेले असते. संगणकाच्या कॅलेंडरमध्ये १० जानेवारी १७३० चा वार पाहायला सांगावा. मंगळवार येतो. वर्गात गोंधळ उडतो, उडू द्यावा. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन कालगणना वापरली आणि आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्या काळातल्या तारखा बरेचदा त्याच हिशोबाने दिलेल्या असतात. संगणक मात्र आजची ग्रेगोरियन गणना मागे ताणत नेतो. अठराव्या शतकात दोहोंत ११ दिवसांचे अंतर होते. १० मध्ये ११ मिळवले की २१ जानेवारी, आणि तो दिवस शनिवार आहे. वास्तुशांतीची २२ जानेवारी १७३२ ही तारीख घरी करायला द्यावी. तीही २ फेब्रुवारीवर जाऊन शनिवारच निघते. तारीख म्हणजे दगडासारखी पक्की गोष्ट, हा मुलांचा समज याने चांगला हलतो, आणि फलक वाचण्याआधी तो हलणे गरजेचे असते.

नोंदपत्र

प्रत्येक गटाला प्रत्येक फलकासाठी एक पान द्यावे. त्यावर जागा, फलक कशाचा आहे (बेसाल्ट, संगमरवर, ग्रॅनाइट, पितळ, पत्रा), लिपी आणि भाषा, लावल्याची तारीख, लावणाऱ्याचे नाव आणि आजची अवस्था यांच्यासाठी ओळी असाव्यात. मधली मोठी चौकट मजकुरासाठी. मजकूर जसाच्या तसा, शुद्धलेखनाच्या चुकांसकट उतरवायचा, हा नियम कडक ठेवावा. एका वर्षी एका गटाने १८४८ चे १८८४ केले आणि ती चूक थेट स्नेहसंमेलनाच्या भिंतीवर गेली. एका माजी विद्यार्थ्याने दाखवून दिल्यावर आम्ही सगळेच खजील झालो. तेव्हापासून एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने आकडे मोठ्याने वाचून पडताळायचे, असे ठरले आहे.

गटात कामे वाटून द्यावीत: वाचणारा, लिहिणारा, मोजणारा, छायाचित्र काढणारा आणि एक शंकेखोर. शंकेखोराचे काम एवढेच की गट जे म्हणेल त्यावर ‘कशावरून?’ विचारायचे. वर्गात ज्याला शंका विचारल्याबद्दल बोलणी खावी लागतात, त्याला हे काम द्यावे.

मोजणाऱ्याकडे पट्टी असते, ती फलकाला न टेकवता शेजारी धरायची. त्याने अक्षरांची उंची मोजायची: ज्याच्या स्मरणार्थ फलक आहे त्याचे नाव किती सेंटिमीटर, आणि ज्यांच्या शुभहस्ते व प्रमुख उपस्थितीत तो लागला त्यांची नावे किती. अलीकडच्या फलकांवर हे प्रमाण कसे निघते ते मी इथे लिहीत नाही, मुलांनाच शोधू द्यावे. ती फार हसतात.

अक्षरे झिजलेली असतील तर त्यावर खडू, पीठ, रांगोळी किंवा तेल अजिबात लावू नये. दगडाची छिद्रे भरतात आणि नुकसान कायमचे होते. सकाळचे तिरपे ऊन किंवा बाजूने धरलेली विजेरी पुरते. सावली खोलगट रेघेत पडली की जे डोळ्याला दिसत नव्हते ते छायाचित्रात दिसते.

फेरीचा दिवस

दिल्ली दरवाज्यासमोर पहिली पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही, फक्त पाहायचे. दारावरचे अणकुचीदार खिळे, दगडी तटबंदी आणि वरचा नगारखाना एवढे बघून झाले की विचारावे: आतला सात मजली म्हणून सांगितला जाणारा वाडा कुठे गेला? २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत लाकडी बांधकाम जळाले आणि दगडी भाग उरला. म्हणजे आपण जे ‘शनिवारवाडा’ म्हणून पाहतो, ते आगीने मागे ठेवलेले आहे. त्याआधी, १७ नोव्हेंबर १८१७ रोजी, या वाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले होते. या दोन तारखांमधली दहा वर्षे फलकांत कितपत सापडतात, हे गटांनी शोधावे.

लाल महालापाशी मी आधी काहीच सांगत नाही. ‘ही इमारत किती जुनी असेल?’ एवढेच विचारतो. बहुतेक मुले चारशे वर्षे म्हणतात, कारण इथे ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी शाहिस्तेखानावर घातलेला छापा त्यांना तोंडपाठ असतो. मूळ महाल केव्हाच नष्ट झाला आणि आजची इमारत महापालिकेने १९८० च्या दशकात उभारली, हे कळल्यावर काहींचा विरस होतो. त्या विरसावरच बोलावे. जागा खरी, घटना खरी, इमारत नवी. मग आपण इथे नेमके काय पाहायला आलो? याच आवारातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा डिसेंबर २०१० मध्ये महापालिकेने हलवला आणि त्यावरून मोठा वाद झाला. सातवीच्या वर्गापुढे मी तो विषय काढत नाही. दहावीच्या वर्गापुढे काढतो, पण आधी दोन्ही बाजूंची त्या वेळची वृत्तपत्रे वाचून घेतो.

इथून दगडूशेठ हलवाई गणपतीच्या दिशेने चालत गेले की समोरच भिडे वाड्याची जागा. या थांब्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. १८४८ मध्ये जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा इथे सुरू केली आणि सावित्रीबाईंनी तिथे शिकवले. वाडा वर्षानुवर्षे मोडकळीला आला होता, न्यायालयात खटला चालला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आला. वास्तूच नसताना तिची आठवण कशी ठेवायची, हा प्रश्न मुलांना इथे प्रत्यक्ष दिसतो. प्रत्येकाने दोन मिनिटे डोळे मिटून रस्त्याचे आवाज ऐकावेत आणि मग १८४८ च्या सकाळी शाळेत येणाऱ्या मुलीला यांतले कोणते आवाज ऐकू आले असतील, त्यांची यादी करावी. देवळाची घंटा यादीत यावी की नाही यावर एका गटात पाच मिनिटे भांडण झाले, कारण ते देऊळ नंतरचे आहे हे शंकेखोराच्या लक्षात आले. शाळेच्या तारखेचाही प्रश्न इथेच घ्यावा. १ जानेवारी १८४८ ही तारीख सर्वत्र लिहिलेली असते, पण काही चरित्रकार ऑगस्ट १८४८ सांगतात. नोंदपत्रावर दोन्ही लिहावे आणि पुढे ‘कशावरून?’ ही जागा रिकामी ठेवावी.

मंडई हा नावांचा थांबा. अष्टकोनी मनोऱ्याची ही इमारत १८८६ मध्ये सुरू झाली तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिचे नाव रे मार्केट होते. १८७६ पासून काही वर्षे पुण्याच्या नगरपालिकेत सभासद असलेल्या जोतीरावांचा मंडईवरच्या खर्चाला विरोध होता, तो पैसा शिक्षणावर लागावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले. हे ऐकल्यावर ‘मग त्यांना आवडले असते का?’ असा प्रश्न हमखास येतो. त्याला उत्तर नाही आणि ते देऊ नये. त्याऐवजी एक-दोन भाजीवाल्या मावशींना, त्या मोकळ्या असतील तर, त्यांच्या घरातले कोण कधीपासून इथे बसते ते विचारू द्यावे. आणि मुलांनी त्यांच्याकडून निदान पावशेर गाजरे विकत घ्यावीत, कारण नुसते प्रश्न विचारून गिऱ्हाईकांची वाट अडवणे बरे नव्हे.

विश्रामबाग वाड्यात फेरी संपवावी. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास पूर्ण केलेल्या या वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा आली, १८७९ च्या आगीत त्याचा काही भाग जळाला, नंतर नगरपालिकेचे कार्यालय आले, टपाल कार्यालयही आले. सुरूच्या झाडाच्या आकाराच्या कोरीव लाकडी खांबांखाली बसून गटांनी नोंदपत्रे पुरी करावीत. एका इमारतीच्या इतक्या आयुष्यांपैकी फलकात किती मावली, हा एकच प्रश्न इथे पुरे.

दोन पाट्या, दोन सनावळ्या

वर्ग थोडा मोठा असेल तर सार्वजनिक गणेशोत्सवाच्या सुरुवातीचा प्रश्न जरूर घ्यावा. १८९३ आणि लोकमान्य टिळक हे पाठ्यपुस्तकी उत्तर. भाऊसाहेब रंगारी यांच्या मंडळाचा दावा १८९२ चा. २०१७ मध्ये महापालिकेने उत्सवाचे १२५ वे वर्ष साजरे केले तेव्हा हा वाद पुन्हा पेटला होता. निकाल शिक्षकाने लावू नये. ‘सुरुवात’ म्हणजे पहिला गणपती बसवणे की उत्सवाला शहरभर चळवळीचे रूप येणे, हे आधी मुलांना ठरवू द्यावे. शब्दाचा अर्थ बदलला की उत्तर बदलते, हे त्यांचे त्यांना दिसते.

गाव लहान असेल तर

आमच्या गावात वाडेही नाहीत आणि पाट्याही नाहीत, असे अनेक शिक्षक सांगतात. सहसा ते खरे नसते. देवळाच्या आवारात भिंतीला टेकवून ठेवलेले, शेंदूर फासलेले दगड बहुधा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, असतात. ते खालून वर वाचायचे: सर्वांत खाली लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. शाळेची स्वतःची कोनशिला असते, ग्रामपंचायतीत सरपंचांच्या नावांचा फलक असतो, आणि पश्चिम महाराष्ट्रातील काही गावांत पहिल्या महायुद्धात गावातून किती जण गेले व किती परतले नाहीत हे सांगणाऱ्या पाट्या आहेत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. अशा पाटीवर फक्त आकडा असतो, नावे नसतात. ती नावे कुणाच्या घरी अजून माहीत आहेत का, हे शोधणे वर्षभर पुरेल एवढे काम आहे.

परतल्यावर

दुसऱ्याच दिवशी, आठवण ताजी असताना, प्रत्येक मुलाने स्वतःच्या इमारतीसाठी, बोळासाठी किंवा चौकासाठी चाळीस शब्दांचा फलक लिहावा. नियम तीन: प्रत्येक विधान कोणी सांगितले ते लिहायचे, विशेषणे वापरायची नाहीत आणि लिहिणाऱ्याचे नाव सर्वांत लहान अक्षरात. यासाठी घरातल्या किंवा शेजारच्या वयस्कर माणसाशी बोलावे लागते. पुण्यात त्यासाठी सर्वांत चांगला विषय म्हणजे १२ जुलै १९६१. त्या दिवशी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरण गेले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवशी शाळेत असलेली माणसे आज आजी-आजोबा आहेत. ‘पूर कसा होता?’ असे विचारले की ‘भयंकर होता’ एवढेच उत्तर मिळते. ‘तुम्ही तेव्हा कुठे उभे होता?’, ‘घरातून काय उचलले?’, ‘पाणी कुठल्या वस्तूपर्यंत आले?’ असे विचारले की माणसे हाताने उंची दाखवू लागतात, आणि तो हात मोजून घेता येतो.

गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने असा फलक लिहिला: ‘१२ जुलै १९६१ रोजी या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत पुराचे पाणी होते. सांगणार: तळमजल्यावरच्या आजी, तेव्हा वय ९.’ पुठ्ठ्यावर तो जिन्यापाशी लावल्यावर आजी स्वतः बाहेर आल्या, चष्मा लावून त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, “सातवी नाही गं, आठवी. तेव्हा खाली अजून एक पायरी होती, ती रस्त्याच्या डांबरात गेली.” मुलीने सातवर काट मारली, वर आठ लिहिले आणि शेजारी दुरुस्तीची तारीख घातली.